चालवून पाहा, मग समजेल

दवाखान्यात गेले की माणसाला आधी बसवतात. बाकावर तास-दीड तास, मग डॉक्टरांपुढच्या स्टुलावर आणि शेवटी टेबलावर आडवे. नाडी बसून पाहतात, रक्तदाब बसून मोजतात, ईसीजीची पट्टी झोपवून काढतात. आपल्या वस्तीतली माणसे मात्र जे दुखणे घेऊन गेलेली असतात, ते राबतानाचे असते. डोक्यावर पाण्याची गुंडी घेतली की, वेचणीच्या कापसाचे गाठोडे उचलले की, चढाची वाट लागली की छाती भरून येते. हा दम बाकावर दीड तास विसावल्यावर कुठून दिसणार? कागदावर 'नॉर्मल' असे लिहून मिळते आणि कामावर परतल्यावर 'हिला काही झाले नाही, हे ढोंग आहे' असे बोल ऐकावे लागतात.

बंधू-भगिनींनो, हा एका घराचा प्रश्न नाही. कष्टकऱ्याचे हृदय आणि फुप्फुस तपासायचे तर ते विसाव्यात तपासावे की श्रमात, हा प्रश्न जगातल्या मोठमोठ्या तज्ज्ञांनाही पडलेला आहे. त्यावर त्यांनी कितीतरी वर्षे खल केला आणि राबत्या हृदयाचे चित्र काढण्याच्या रीती शोधल्या. ही माहिती आपल्या घरांपर्यंत पोहोचायला हवी, असे आम्हा भावंडांना आमच्या आईच्या आजारपणात तीव्रतेने वाटले. म्हणून हा लेखनप्रपंच.

काट्याने आधी सांगितले

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातले. आईचे आयुष्य निंदण, वेचणी आणि चूल या तीन ठिकाणी गेले. चुलीला सरपण म्हणजे हंगाम संपल्यावर उपटलेल्या पऱ्हाट्या, तुराट्या आणि पावसाळ्यात गवऱ्या. पावसात भिजलेली पऱ्हाटी पेट घेत नाही, नुसता धूर ओकते. फुंकणीने फुंकता फुंकता आईचे डोळे लाल व्हायचे आणि खोकल्याची उबळ यायची. विडी-तंबाखूला तिने आयुष्यात हात लावला नाही. पण चाळीस वर्षे दिवसाचे तीन-चार तास तो धूर तिच्या छातीत गेला.

तिचा आजार पहिल्यांदा डॉक्टरने नाही, कापसाच्या काट्याने सांगितला. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. एकेकाळी संध्याकाळच्या मापाला आईचे गाठोडे चाळीस-पंचेचाळीस किलो भरायचे. ते तीसवर आले, मग वीसवर आले. हात तेच होते, पऱ्हाटी तीच होती. पण दर ओळीच्या टोकाला तिला धुऱ्यावर टेकावे लागे. टोळीतल्या बाया पुढे निघून जात. शेतमालकाने एकदा सर्वांसमक्ष म्हटले, "बाई, बसून राहायचे पैसे नाही भेटत." शरीर थकल्याचे दुःख आईने सोसले, पण कामचुकार म्हणवून घेण्याचे दुःख तिला सोसवेना. ज्या बाईची सारी अब्रू तिच्या कामात आहे, तिला कामचोर ठरवणे म्हणजे काय असते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

दोन वर्षांत आम्ही तिला तीन दवाखान्यांत दाखवले. छातीचा फोटो झाला, ईसीजी झाला, रक्त तपासले. कोणी वय झाले म्हणाले, कोणी रक्त कमी आहे म्हणाले, कोणी गॅसच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या वर्षी अशोक विजयादशमीला नागपूरला गेलो, तर बसस्थानकापासून दीक्षाभूमीपर्यंतच्या वाटेत ती सात वेळा रस्त्याच्या कडेला बसली. आमची आजी १९५६ साली याच दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घ्यायला गावच्या लोकांसोबत पायी आली होती. तिच्या लेकीला शेवटचे दोन-तीन किलोमीटर चालवेनात.

सहा मिनिटे

त्यानंतर एका मोठ्या दवाखान्यात तिची गाठ एका तरुण डॉक्टरीणबाईंशी पडली. बाईंनी बोटाला ऑक्सिजन मोजायचे यंत्र लावले. आकडा आला ९६. "आजी, हा तर चांगला आहे," बाई म्हणाल्या. तेव्हा आई जे बोलली, ते आम्ही विसरणार नाही.

"बसल्यावर मी बरीच रायतो, डॉक्टरीणबाई. मले चालवून पाहा, मंग समजन."

बाईंनी हसण्यावारी नेले नाही. त्या उठल्या, यंत्र बोटाला तसेच ठेवून आईला लांब व्हरांड्यात घेऊन गेल्या आणि घड्याळ लावून म्हणाल्या, "आजी, तुमच्या चालीने चाला. दम लागला तर थांबा, पण सांगा." चौथ्या मिनिटाला आई भिंतीला टेकली. ओठ काळसर पडले होते. यंत्रावर आकडा होता ८६.

हीच सहा मिनिटांची चालण्याची चाचणी. फुप्फुसाच्या रोग्यांसाठी आधी बारा मिनिटांची चाचणी होती, ती आजाऱ्याला फार होते म्हणून १९८२ साली सहा मिनिटांचीही पुरते असे दाखवण्यात आले. २००२ साली अमेरिकेतील छातीरोगतज्ज्ञांच्या संस्थेने तिचे नियम लिहून काढले. तीस मीटरचा सपाट व्हरांडा, घड्याळ, एक खुर्ची आणि सोबत जाणकार माणूस, एवढेच तिला लागते. आपल्या लोकांना ती अगदीच अनोळखी नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाची दुसरी लाट शिगेला होती, तेव्हा महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाने हीच चाचणी लोकांना सांगितली होती. बसून आकडा बरा दिसतो, पण चालल्यावर पडतो, तो रोगी धोक्यात आहे, हे त्या वेळी घरोघरी कळले. लाट ओसरली आणि आपण ते विसरलो. पण जे कोरोनाच्या फुप्फुसाला लागू आहे, ते चुलीच्या धुराने झिजलेल्या फुप्फुसालाही लागू आहे.

आम्ही आईचे हृदय राबताना पाहिले

पुढे बाईंनी टूडी इको करायला सांगितले. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. पडून काढलेल्या इकोत हृदयाची उजवी बाजू किंचित मोठी दिसली, फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्ताचा वरचा दाब अंदाजे ३८ निघाला. फार नाही. मग बाईंनी स्वतः शेजारी उभे राहून आईला दोन पायऱ्यांच्या लाकडी स्टुलावर चढ-उतार करायला लावली आणि धाप चालू असतानाच पुन्हा इकोच्या टेबलावर घेतले.

आम्ही पडद्याकडे पाहत होतो. उजवा कप्पा फुगला होता. दोन कप्प्यांमधला पडदा डावीकडे ढकलला जात होता. दाबाचा आकडा ६४ वर गेला होता. चाळीस वर्षांचे तिचे श्रम, तो धूर, धुऱ्यावर टेकलेली ती प्रत्येक घडी, सारे त्या काळ्या-पांढऱ्या चित्रात धडधडत होते. आईला आम्ही म्हटले, "आई, पाहा, तुझे खरे होते." ती काही बोलली नाही. नुसते डोळे पुसले.

असे का होते, हे बाईंनी आम्हाला समजावून सांगितले. पुढे आम्ही आणखी विचारून, वाचून घेतले. ते सोप्या शब्दांत मांडतो.

हृदयाचे दोन भाग. डावा भाग सर्व अंगाला रक्त पुरवतो, म्हणून त्याची भिंत जाड, सुमारे एक सेंटिमीटर. उजवा भाग रक्त फक्त शेजारच्या फुप्फुसांत ढकलतो. त्याची भिंत जेमतेम तीन ते पाच मिलिमीटर. फुप्फुसात हवेच्या तीस ते पन्नास कोटी बारीक पिशव्या असतात आणि प्रत्येकीभोवती केसाहून बारीक रक्तवाहिन्यांची जाळी असते. ही वाट इतकी मोकळी असते की निरोगी माणसाच्या फुप्फुसाच्या धमनीत विसाव्यात सरासरी दाब सुमारे १४ असतो. (वर आईचा सांगितला तो वरचा दाब. सरासरीचा आकडा नेहमी त्याहून कमी असतो.)

विसाव्यात हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फेकते. जड काम करताना निरोगी जवान माणसाचे पंधरा-वीस लिटर फेकते. एवढे रक्त फुप्फुसात मावते कसे? शेताला पाणी देणाऱ्याला हे चटकन कळेल. पाण्याचा जोर वाढला की तो आणखी दांड उघडतो, पाणी जास्त वाफ्यांत पसरते आणि बांधावर ताण येत नाही. निरोगी फुप्फुसही तेच करते. विसाव्यात मिटलेल्या वाहिन्या श्रमात उघडतात, उघड्या असलेल्या रुंदावतात आणि दाब बेताचाच वाढतो.

धुराने किंवा धुळीने झिजलेल्या फुप्फुसात मात्र कित्येक वाफे पडीक झालेले असतात. पिशव्या फाटतात, त्यांच्याबरोबर जाळीही जाते. शिवाय ज्या भागात हवा नीट पोहोचत नाही, तिथल्या वाहिन्या आपोआप आवळतात. १९४६ साली स्वीडनच्या फॉन ऑयलर आणि लिलियेस्ट्रांड यांनी हे मांजरांवरच्या प्रयोगांत दाखवले. विसाव्यातले पाच लिटर उरल्या वाटेने कसेबसे निघून जाते, म्हणून बाकावर बसलेला रोगी धडधाकट दिसतो. कामाला लागला की रक्त वाढते, नवे दांड उघडत नाहीत आणि सारा भार त्या पातळ भिंतीच्या उजव्या कप्प्यावर येतो. कप्पा फुगतो. डाव्या बाजूला पुरेसे रक्त पोहोचत नाही. पाय गळतात, अंधारी येते. पुढे पायावर सूज चढते. फुप्फुसाच्या रोगाने खचलेल्या अशा हृदयाला डॉक्टर 'कॉर पल्मोनेल' म्हणतात.

चुलीपुढच्या बाया

आपल्या देशात या आजाराकडे फार पूर्वी लक्ष वेधले ते एका स्त्रीने. भारताच्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डॉ. एस. पद्मावती दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात काम करीत होत्या. १९५९ साली त्यांनी डॉ. पाठक यांच्यासह कॉर पल्मोनेलच्या १२७ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इतर देशांत हा आजार मुख्यतः पुरुषांचा मानला जाई. पद्मावतींच्या अभ्यासात बाया पुरुषांच्या बरोबरीने होत्या, त्याही कमी वयाच्या आणि बहुतेक विडी-सिगारेट न ओढणाऱ्या. त्यांनी बोट दाखवले ते चुलीच्या धुराकडे. डॉ. पद्मावती २०२० साली १०३ व्या वर्षी वारल्या. त्यांचा तो अभ्यास येऊन सहा दशकांहून अधिक काळ लोटला, तरी आपल्या गावांत संध्याकाळी छपरांतून धूर निघतोच आहे. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने घराघरांत शेगडी आली हे खरे. पण सिलिंडर परत भरायला पैसे लागतात, म्हणून गॅसवर चहा आणि चुलीवर भाकरी, अशी वाटणी कित्येक घरांत आहे.

आपल्या जिल्ह्यात धूर हे एकच कारण नाही. वणीकडे उकणी, निलजई या भागांत कोळशाच्या खाणी आहेत. कोळशाची आणि दगडाची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली तर फुप्फुसे कडक होतात. जिनिंगमध्ये सरकी-रुईचा कस्तान उडतो, तोही छातीला बरा नाही.

आणि तिसरे कारण आपल्या समाजाच्या रक्तातले आहे, ते म्हणजे सिकलसेल. भारतात हा दोष प्रथम १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आढळला. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील नोंद केली. विदर्भातील आदिवासी आणि बौद्ध समाजांत तो लक्षणीय प्रमाणात आहे, हे आता सर्वांना ठाऊक आहे. विळ्याच्या आकाराच्या पेशी फुटतात, त्यांतून सांडलेले द्रव्य रक्तवाहिन्या सैल ठेवणारा वायू शोषून टाकते आणि फुप्फुसाच्या वाहिन्या आवळतात. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९५ प्रौढ सिकलसेल रोग्यांपैकी ३२ टक्के लोकांच्या इकोत या दाबाची खूण दिसली. पण म्हणून घाबरून जाऊ नये. २०११ साली फ्रान्समध्ये ३९८ रोग्यांची तपासणी झाली, तेव्हा इकोने २७ टक्क्यांवर संशय घेतला, मात्र हृदयात नळी घालून खातरी केल्यावर आजार ठरला तो ६ टक्क्यांत. इको संशय सांगते, निकाल देत नाही, एवढे त्यातून घ्यावे. सिकलसेलच्या रोग्याला काम करताना वेगळाच दम लागू लागला, तर 'रक्त कमी आहे' एवढ्यावर न थांबता हृदयाची उजवी बाजू तपासून घ्यावी.

राबत्या हृदयाचे चित्र

हृदयातला दाब थेट मोजण्याची वाट एका धाडसी तरुणाने दाखवली. १९२९ साली जर्मनीच्या वेर्नर फोर्समान या डॉक्टरने स्वतःच्या हाताच्या शिरेतून बारीक नळी हृदयाकडे सरकवली आणि नळी तशीच ठेवून क्ष-किरण विभागापर्यंत चालत जाऊन फोटो काढून घेतला. पुढे न्यूयॉर्कच्या कूर्नां आणि रिचर्ड्स या डॉक्टरांनी ही रीत रोग्यांच्या तपासणीसाठी बसवली. तिघांना १९५६ साली नोबेल पारितोषिक मिळाले, म्हणजे ज्या वर्षी परमपूज्य बाबासाहेबांनी आम्हाला धम्म दिला त्याच वर्षी.

नळी घालून दाब कळतो, पण कप्पा कसा फुगतो, रक्त किती पुढे जाते, हे पाहायला चित्र लागते. म्हणून श्रम करतानाच चित्र काढण्याच्या रीती आल्या. एक इकोची. रोगी कललेल्या पलंगावर पडून सायकलसारखे पायडल मारतो आणि डॉक्टर छातीवर यंत्र धरून झडपेतून मागे येणाऱ्या रक्ताच्या झोताचा वेग मोजतात. त्यावरून दाबाचा अंदाज निघतो. पण ज्यांची फुप्फुसे हवेने फुगलेली असतात, त्यांचे इकोचे चित्र धूसर येते. म्हणून दुसरी रीत, एमआरआयची. यंत्राच्या बोगद्यात रोगी आडवा असतो आणि त्याच्या पायाशी पायडल जोडलेले असते. अडचण अशी की चित्र स्पष्ट येण्यासाठी श्वास रोखावा लागे आणि धापा टाकणारा माणूस श्वास रोखणार कसा? बेल्जियमच्या ल्यूव्हेन शहरातील संशोधकांनी श्वास न रोखता, चालू श्रमातच चित्रे टिपून २०१३ साली दाखवले की जोराच्या व्यायामातही हृदयाचे माप अचूक घेता येते. त्याआधी, २००९ साली, हॉलंडमधील डॉक्टरांनी धूर-धुळीने होणाऱ्या फुप्फुसरोगाच्या रोग्यांना असेच एमआरआयमध्ये पायडल मारायला लावले होते. निरोगी हृदय श्रमात दर ठोक्याला जास्त रक्त फेकते. या रोग्यांत ती वाढ अडखळत होती आणि अडखळण्याचे कारण फुप्फुसाच्या धमनीतला वाढलेला दाब हे होते. म्हणजे दमाचे मूळ नुसत्या श्वासनळीत नसते, रक्ताच्या वाटेतही असते.

यात एक गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटली. पूर्वी तज्ज्ञ मानत की फुप्फुसातला सरासरी दाब विसाव्यात २५ च्या वर किंवा श्रमात ३० च्या वर गेला की आजार. २००८ साली अमेरिकेतल्या डाना पॉइंट येथील जागतिक परिषदेने श्रमाची अट काढूनच टाकली. कारण श्रमात कुणाचा दाब किती वाढावा हे वयावर आणि श्रमाच्या जोरावर ठरते, सर्वांना एकच आकडा लावणे बरोबर नव्हते. पण अट गेली तसा राबताना आजारी होणारा माणूसही व्याख्येबाहेर गेला. संशोधक थांबले नाहीत. निरोगी माणसांची मापे गोळा करत गेले. अखेर २०२२ साली युरोपच्या हृदय आणि फुप्फुस तज्ज्ञांनी श्रमातला आजार पुन्हा मान्य केला. या वेळी एक आकडा न धरता चढ मोजला. हृदयाने फेकलेले रक्त मिनिटाला एक लिटरने वाढले की दाब ३ पेक्षा जास्त चढतो का, ते पाहायचे. (विसाव्याची मर्यादाही २०१८ मध्ये २५ वरून २० वर आणली गेली आहे.) चौदा वर्षे लागली, पण राबणाऱ्या माणसाला शास्त्राने परत दारात घेतले.

असे पायडलचे एमआरआय आपल्या भागातल्या रोग्याला मिळेल, असे आम्ही म्हणत नाही. त्याची प्रत्येकाला गरजही नाही. पण त्या महागड्या यंत्रामागचा जो विचार आहे, तो फुकट आहे. माणूस ज्या अवस्थेत त्रास भोगतो, त्या अवस्थेत त्याला पाहा. आपण वंदनेत धम्माला 'एहिपस्सिको' म्हणतो. ये आणि स्वतः पाहा. कुणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून घ्या. डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशी व्हरांड्यात दुसरे काय केले?

आपण काय करावे

पहिली गोष्ट, दवाखान्यात सांगताना नुसते 'दम लागतो' म्हणू नका. काय करताना लागतो, ते सांगा. पूर्वी हे काम किती करत होतो, आता किती होते, ते सांगा. 'चाळीस किलो वेचत होते, आता वीस होते' हे वाक्य डॉक्टरला दहा तक्रारींपेक्षा जास्त सांगते.

दुसरी गोष्ट, बसून तपासणी चांगली आली आणि त्रास तसाच राहिला, तर विनयाने पण ठामपणे म्हणा, "साहेब, चालवून ऑक्सिजन पाहता का?" तो आकडा पडला तर इको कुठे होईल ते विचारा. यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्राम, नागपूरचे मेडिकल, ही ठिकाणे आपल्याला माहीत आहेत. जाताना जुने सर्व कागद, छातीचे फोटो, रेशनकार्ड आणि योजनेचे कार्ड सोबत न्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र दवाखान्यात असतो, त्याला गाठा.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. ही चाचणी घरच्या घरी जबरदस्तीने करू नका. छातीत दुखत असेल, चालताना चक्कर येऊन पडणे झाले असेल, ओठ निळे पडत असतील, पायावर सूज असेल, दम्याचा झटका चालू असेल, तर चालवून पाहू नका, थेट दवाखाना गाठा. सिकलसेलच्या रोग्याला तर डॉक्टर शेजारी असल्याशिवाय अशी परीक्षा नकोच.

चौथी गोष्ट, धूर बंद करा. गेलेल्या वाहिन्या परत येत नाहीत. आमच्या आईच्याही येणार नाहीत. तिला आता पंप आहे, लस दिली आहे, रोज ठरवून हळूहळू चालायला सांगितले आहे आणि भाकरी गॅसवर होते. सिलिंडरचा पैसा आम्ही भावंडे वाटून घेतो. ज्या रोग्याचा ऑक्सिजन बसूनही फार कमी असतो, त्याला घरी रोज पंधरा तासांहून अधिक ऑक्सिजन दिला तर आयुष्य वाढते, हे १९८० आणि १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांनी दाखवले आहे. अशा घरात ऑक्सिजनजवळ चूल, दिवा, अगरबत्ती काहीही पेटवू नये. भडका उडतो.

पाचवी गोष्ट विहाराच्या आणि महिला मंडळाच्या कामाची. मंडळाने एक चांगले ऑक्सिमीटर घ्यावे, आशाताईला बोलवावे आणि ज्या बाया वेचणीत मागे पडू लागल्या आहेत त्यांची नावे काढून त्यांना दवाखान्यापर्यंत पोहोचवावे. आजारी भिक्षूला कोणी विचारत नव्हते, तेव्हा तथागतांनी आनंदासह स्वतः त्याला आंघोळ घातली, ही कथा आपण वर्षावासात ऐकतो. ऐकून घरी जाण्यासाठी ती नाही.

परमपूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४३ च्या डिसेंबरात ते धनबादच्या कोळसा खाणींवर गेले आणि स्वतः खाणीत उतरले. कागदावर आलेल्या अहवालावर त्यांनी भागवले नाही. मजूर जिथे राबतो तिथे जाऊन पाहिले. १९४४ च्या सुरुवातीला खाणमजुरांच्या कल्याणनिधीचा अध्यादेश निघाला, त्यात घर, पाणी आणि आरोग्य यांची तरतूद होती. मजुराची स्थिती मजुरीच्या जागी पाहावी, हा धडा डॉक्टरांनाही लागू आहे, शेतमालकालाही लागू आहे आणि आपल्या घरातल्या सुना-मुलांनाही लागू आहे.

आईच्या फाइलमध्ये बाईंच्या अक्षरात एक ओळ आहे: बसून ९६, चालून ८६. तो कागद आम्ही शेतमालकाला दाखवला. त्याने वाचला, घडी घालून परत दिला आणि पुढच्या हंगामात आईला सरकी निवडण्याचे बसून करायचे काम दिले. मजुरी कमी आहे, पण आता तिला कोणी ढोंगी म्हणत नाही. राबणाऱ्या प्रत्येक आई-बापाच्या कागदावर हे दोन्ही आकडे असले पाहिजेत. एकच आकडा लिहून मिळाला, तर दुसरा मागून घ्या. तो आपला हक्क आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!